कुकाचा गुडघ्याचा नवस

गुडघा बरा झाला तर फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत येईन, असा नवस कुका सान हुआनच्या मरियामातेला बोलली तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर, स्ट्रेचरवर, केसांना कागदी टोपी आणि अंगात मागून उघडा झगा, अशा अवस्थेत माणसाला जे पहिलं सुचतं ते तिला सुचलं. लिओन शहरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हाच नवस बोलत आल्या आहेत. पोरगी परीक्षेत पास झाली, नवऱ्याची दारू सुटली, हरवलेलं गाढव सापडलं, की सान हुआनची बस पकडायची आणि देवळाच्या फरशीवर गुडघे सोलवटून घ्यायचे. नवस गुडघ्यासाठीच असेल तर काय, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, कारण पूर्वी झिजलेला गुडघा बदलून मिळत नसे.

कुकाचं कागदावरचं नाव रेफुहिओ साल्दान्या, वय सहासष्ट. कोएसियो वस्तीत, जिथे दर दोन घरांआड बुटांचा कारखाना आहे आणि सकाळच्या कॉफीलाही चामड्याचा वास येतो, तिथे तिने चव्वेचाळीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवले. शिवणाच्या मशीनखाली उजव्या गुडघ्याशी एक लोखंडी दांडा असतो. गुडघ्याने तो बाजूला ढकलला की सुईजवळचा, चामडं दाबून धरणारा लोखंडी पाय वर उचलला जातो आणि दोन्ही हात चामडं फिरवायला मोकळे राहतात. दर वळणाला एकदा, दर टोकाला एकदा, दिवसाकाठी हजारदा. तिचा डावा गुडघा ठणठणीत होता आणि उजव्याने मान टाकली होती.

कारखान्यातल्या पोरी तिला तोंडावर आदराने 'दोन्या कुका' आणि पाठीमागे 'उसवणारी' म्हणायच्या. एक टाका वाकडा गेला तर ती अख्खी शिवण उसवायची, स्वतःची आणि न विचारता शेजारणीचीही. "अहो दोन्या कुका, बूट घालणाऱ्याला ते दिसणारसुद्धा नाही," असं कुणी कुरकुरलं की ती मान वर न करता म्हणायची, "बुटाला दिसतं."

नवरा निसेफोरो त्याच कारखान्यात चामडं कापायचा. पुठ्ठ्याच्या साच्याला पितळी कड असते. तिला सुरी टेकवून तो एका दमात अख्खा तुकडा फिरवून काढायचा, आणि त्याची सुरी रेषेबाहेर गेलेली कुणी पाहिली नाही. कौतुक केलं तर खांदे उडवून म्हणायचा, "सुरी मी धरतो, पण थांबवते ती कड." माणूस गरीब स्वभावाचा, मिशा मात्र जबरदस्त.

त्यांची एकुलती एक मुलगी मारिसेला जन्मली तेव्हा कुका अकरा दिवस दवाखान्यात मरणाच्या दारात होती. निसेफोरो सान हुआनला गेला आणि फाटकापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर सरकत गेला. अशा माणसापुढे घरचं कुणीतरी कांबळी अंथरत जातं. दोन कांबळी लागतात. तो एकावरून दुसऱ्यावर गेला की मागचं उचलायचं आणि पुढे घालायचं. निसेफोरोपुढे अंथरायला कुणी नव्हतं. तो परत आला तेव्हा पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली होती. "काही नाही, बसमधून उतरताना घसरलो," म्हणाला. कुकाने विश्वास ठेवल्यासारखं केलं. पुढे जन्मभर त्याच्या गुडघ्यांवर दोन पांढुरके वण राहिले, आणि उन्हाळ्यात तो अर्ध्या चड्डीत दारात बसला की ती दुसरीकडे बघायची. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. त्या वणांबद्दल ती त्याच्याशी एकदाही बोलली नाही, आणि त्याची चुटपुट तिला आजही आहे.

तर हा गुडघा. जिने चढताना ती कठड्याला लोंबकळायची, पोळ्यांच्या दुकानाच्या रांगेत एका पायावर उभी राहायची, आणि कुणी विचारलं तर "हवा बदलली" म्हणायची. हवा तीन वर्षं बदलत होती. शेवटी मारिसेलाने तिला जवळजवळ उचलूनच सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नोएमी अरिस्मेंदी छत्तीस वर्षांची, उंच, बोलायला फटकळ. कुकाने आधी तिचे बूट पाहिले.

"डॉक्टरबाई, उजव्या बुटाची शिवण सुटत आलीय. आठ दिवस टिकेल."

"तुमच्या गुडघ्यापेक्षा जास्त टिकेल," डॉक्टर म्हणाली. कुकाला ती तिथेच आवडली.

पुढच्या भेटीत डॉक्टरने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एक हाड सावकाश फिरत होतं.

"हे माझं?"

"तुमचंच. परवा स्कॅन काढला ना, त्यावरून बनवलंय. हे हिरवं म्हणजे नवा गुडघा. धातूचा, मध्ये प्लास्टिकची गादी. कुठे किती कापायचं ते सगळं आधी इथे ठरवायचं."

"साचा आधी, सुरी नंतर," कुका म्हणाली.

"तसंच. तुमचा पाय नऊ अंश वाकलाय. सात मी काढणार, दोन ठेवणार."

"ते दोन कशाला? काढायचंय तर सगळं काढा. अर्धवट काम मला चालत नाही."

"मा, डॉक्टरांना शिकवू नकोस," मारिसेला म्हणाली.

"विचारू दे की. दोन्या कुका, ते दोन अंश तुमच्या जन्माचे आहेत. डाव्या पायातही आहेत. ते काढले तर आयुष्यभर दुसऱ्या कुणाचा तरी पाय घेऊन फिरल्यासारखं वाटेल तुम्हाला."

चव्वेचाळीस वर्षं तिने लाकडी फर्म्यांवर सगळ्या जगासाठी एकाच मापाने बूट शिवले होते. कुणाचा पाय रुंद, कुणाची टाच अरुंद, त्यांनी आपापल्या फोडांसकट चालावं. आणि इथे कुणीतरी तिच्या एकटीच्या पायाचं माप घेऊन, तिच्या वाकडेपणासकट, काम करायला निघालं होतं. तिला त्या पोरीच्या गालावरून हात फिरवावासा वाटला.

पण एक गाठ उरलीच होती. "कापणार कोण? ही म्हणते, रोबो कापतो."

"करवत माझ्याच हातात असते. रोबोचा हात ती नुसता धरून ठेवतो आणि ठरलेल्या रेषेपलीकडे जाऊ देत नाही. मी जोर लावला तरी जाऊ देत नाही."

"आणि चुकलं तर शिव्या कुणाला घालायच्या?"

"मला."

कुका पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बघत राहिली. तिला पितळी कड दिसत होती. "सही कुठे करायची?" तिने विचारलं.

ऑपरेशन सप्टेंबरात झालं. कंबरेत सुई टोचून खालचं अंग बधिर केलं होतं आणि छातीशी हिरवा पडदा लावला होता. झोपेचं औषध थोडं दिलं होतं, पण कुकाला झोपवणं भूल देणाऱ्याच्या हातचं काम नव्हे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात खुंट्या बसवून त्यांवर चकाकते गोळे लावले, ते तिने ऐकलं. कोपऱ्यातला कॅमेरा ते गोळे बघून पाय नेमका कुठे आहे ते ओळखतो, हे तिला आधी समजावलेलं होतं. मग डॉक्टर एका टोकदार काडीने हाडावर ठिकठिकाणी स्पर्श करू लागली, म्हणजे कॉम्प्युटरवरचं हाड आणि खरं हाड एकमेकांशी जुळावं. दर स्पर्शाला यंत्र 'टुक' करायचं. चामड्यात ओळीने भोकं पाडताना असाच आवाज येतो. कुका मोजत राहिली.

"डॉक्टरबाई," पडद्यामागून आवाज आला, "सत्ताविसावं दोनदा घेतलंत."

भूल देणारा तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळला.

"हललं होतं. यंत्राने परत मागितलं," डॉक्टर म्हणाली.

"मागणारच. बरं केलंत."

मग करवत सुरू झाली. आवाज पुढे गेला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला आणि तिथेच थांबला. कुकाला तो थांबा ओळखीचा वाटला. बावीस वर्षं तिच्या मशीनमागच्या टेबलावर एक सुरी अशीच कडेपाशी येऊन थांबत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. भूल देणाऱ्याने विचारलं, "दुखतंय का, आजी?"

"नाही रे बाबा. नवऱ्याची आठवण आली."

काम संपलं तेव्हा डॉक्टर पडद्यावरून वाकली. मास्क खाली ओढलेला, चेहरा घामाघूम. "झालं, दोन्या कुका. आखलं तसंच बसलं. हा गुडघा तुम्हाला वीस-पंचवीस वर्षं नेईल."

"इतकं कशाला? जानेवारीपर्यंत पुरला तरी बास. सान हुआनला गुडघ्यांवर जायचंय. यासाठीच नवस बोललेय."

हत्यारं मोजणाऱ्या नर्सने हातातला चिमटा तसाच ठेवून छातीवर क्रूस काढला. डॉक्टरने मास्क पुन्हा वर चढवला, कदाचित पुढचे शब्द अडवायला.

ते शब्द दुसऱ्या दिवशी, वॉर्डात, पलंगाच्या कडेवर बसून आले. "जगात इतके नवस पडलेत. केस द्यायचे, वर्षभर गोड सोडायचं, माणसाएवढी मेणबत्ती लावायची. तुम्हाला गुडघाच सापडला?"

"जे दुखत होतं तेच आठवलं, पोरी."

"हे बघा. बिछान्यावर क्षणभर गुडघा टेकलात तर टेका. पण दगडी फरशीवर शेकडो लोकांत फरफटत जायला मी हे बसवलेलं नाही. जखम चिघळली तर सगळं उघडून काढावं लागेल. कळलं?"

"कळलं."

"नवस फिरवून घ्या. पाद्रींना विचारा."

डॉक्टर गेल्यावर कुकाने मनात हिशोब मांडला. नवस फेडला नाही तर जिने पाय दिला त्या मरियामातेशी खोटेपणा, आणि फेडला तर तिने दिलेला पायच जायचा.

वस्तीतल्या चर्चचे पाद्रे एलिहिओ तर तयारच बसले होते. गुडघ्यांचा नवस फिरवायला लोक रोज येतात. "पंचवीस जपमाळा म्हण आणि मोकळी हो."

"पाद्रे, गिऱ्हाइकाने बूट सांगितले तर मी त्याला चपला देऊ?"

"अगं, मरियामाता गिऱ्हाईक आहे का?"

"म्हणूनच तर. गिऱ्हाइकाला एकवेळ फसवेन."

पाद्रींनी दुसरी वाट काढली. "तू म्हणालीस 'माझ्या गुडघ्यांवर'. हा तर धातूचा. तुझा कुठे आहे? फक्त डावा टेकवलास तरी चालेल." त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलेलं दिसलं.

कुकाने त्यांच्याकडे वाकड्या टाक्याकडे बघावं तसं पाहिलं. "निसेफोरोने सूट मागितली नव्हती," ती म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

ती गुडघा जपू लागली, म्हणजे इतका जपू लागली की वापरायचंच विसरली. जिना चढताना डावा पाय पुढे, बसताना उजवा सरळ. व्यायाम करवून घेणारी मुलगी वैतागली. नव्वद अंशांच्या पुढे पाय वाकतच नव्हता. "वाकतो, पण तुम्ही वाकू देत नाही," ती म्हणायची. कुका तो गुडघा शेजारणीचं उसनं आणलेलं भांडं वापरावं तसा वापरत होती. मारिसेलाला वाटलं आई घाबरलीय. आई मुळीच घाबरलेली नव्हती. ती गुडघा जानेवारीसाठी राखून ठेवत होती.

मारिसेला दुकानात गेली की कुका घरातल्या जुन्या मशीनवर बसायची आणि डाव्या गुडघ्याने दांडा कसाबसा ढकलत शिवायची. चामडं तिने काऊबॉय बुटांच्या पोटरीवरच्या भागाचं निवडलं, आत बुटाच्या तळव्यात घालतात त्या मऊ फोमचे चार थर घातले, मागे तीन पट्टे आणि बक्कल. दोनदा उसवून तिसऱ्यांदा जोडी मनासारखी झाली. गुडघ्यांवर बांधायचे बूटच म्हणा. डॉक्टरने फरशी नको म्हटलं होतं, आणि इथे फरशी लागणारच नव्हती. कुका असा विचार करू शकते, आणि तो तिला लबाडी वाटत नाही.

जानेवारीच्या शेवटी, जत्रेच्या मोठ्या गर्दीआधी, मायलेकी बसने सान हुआनला गेल्या. दर्शन घ्यायचं, मेणबत्ती लावायची, परत यायचं, असं ठरलं होतं. कुकाने मोठी शाल पांघरली होती आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. देवळाच्या आवारात पोचताच ती म्हणाली, "जा गं, चांगल्या मेणबत्त्या घेऊन ये. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून. इथल्या धूर करतात."

मारिसेला गर्दीत दिसेनाशी झाली. कुका फाटकाशी दगडी ओट्यावर बसली, घागरा थोडा वर घेतला आणि डाव्या गुडघ्यावर पट्टे आवळले. उजव्यावर आवळायला वाकली, तेव्हा तिला तो माणूस दिसला.

पंचेचाळिशीचा असेल. दूधवाल्यांसारखी पांढरी टोपी मागे ढकललेली. तो गुडघ्यांवर होता आणि एकटा होता. अंगातलं जाकीट काढून त्याने पुढे पसरलं होतं. जाकिटावरून सरकून तो पुढे दगडावर यायचा, मग अंग पिळवटून मागे वळायचा, जाकीट ओढायचा, पुन्हा पुढे पसरायचा. दोन-तीनदा असं करून त्याने नाद सोडला, जाकीट खांद्यावर टाकलं आणि उघड्या दगडावरून सरकू लागला. फाटक अजून जेमतेम मागे पडलं होतं.

"अहो," कुका म्हणाली. "बरोबर कुणी नाही का?"

त्याने वर पाहिलं. "जी पुढे अंथरते तिचंच आज शेजारच्या लागोस गावात ऑपरेशन आहे, सेन्योरा."

कुकाच्या हातातला पट्टा तसाच राहिला. इतकी वर्षं तिने निसेफोरोचे गुडघे पाहिले होते, फाटलेली पँट पाहिली होती, पण तो त्या फरशीवरून जाताना कसा दिसला असेल ते तिने कधी डोळ्यांपुढे येऊ दिलं नव्हतं. आता ते समोर होतं. त्याच्यापुढे रिकामा दगड होता आणि त्याला ठाऊक होतं की पुढे कुणी येणार नाही. तिला हुंदका आला आणि तिने तो आवरला नाही.

"थांबा तिथे," ती म्हणाली. "हलू नका."

तिने डाव्या गुडघ्यावरचे पट्टे सोडले, त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही गुडघ्यांचे बूट त्याला बांधले. तो काही बोलू लागला, तेव्हा तिने त्याला पट्टा नीट धरायला सांगितलं. नाव रेमिहिओ, बायकोचं मूत्रपिंड. एवढं तिने बक्कल लावता लावता काढून घेतलं. मग अंगावरची शाल काढून त्याच्यापुढे पसरली, शालीपुढे त्याचं जाकीट.

"या," ती म्हणाली.

तो शालीवरून जाकिटावर गेला. कुका त्याच्यामागे गेली, वाकली, शाल उचलली, वळसा घालून पुढे आली, वाकली, पसरली. मग जाकीट. मग शाल. लोक बाजूला होत होते. कुणीतरी तिला आधार द्यायला हात पुढे केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की काठी ओट्यापाशीच राहिली. दाराची पायरी आली. ती उजवा पाय पुढे टाकून चढली आणि तेही तिला कळलं नाही. आतल्या लांबलचक रांगेशेजारून, बाकांच्या मधून, ती वाकत गेली आणि उठत गेली. गुडघा गरम झाला, मग चांगलाच ठणकू लागला, आणि तरी दर वेळी पुरता वाकत होता. रेमिहिओ मान खाली घालून सरकत होता. त्याला तिच्या पायांतले बूट आणि पुढे पसरलेली शाल एवढंच दिसत होतं.

वेदीपाशी तो थांबला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. कुका त्याच्या बाजूला उभी राहिली. वरती, फुलांच्या आणि सोन्याच्या गराड्यात, मरियामातेची ती वीतभर मूर्ती. कुकाने तिच्याकडे सरळ बघून हलक्या आवाजात सांगितलं, "गुडघ्यांवर नाही आले मी. तुला दिसलंच असेल. हे चालणार नसेल तर सांग, पुन्हा येईन."

मागून मारिसेला धापा टाकत आली. एका हातात मेणबत्त्या, दुसऱ्या हातात ओट्यावर सापडलेली काठी. तिने आईच्या हातातली मळून चिंध्या झालेली शाल पाहिली, घामाने भिजलेली पाठ पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मा. केलंस ना शेवटी? गुडघ्यांवर आलीस ना?"

"नाही गं. चालत आले."

"मग ही शाल अशी कशी झाली? काय करत होतीस?"

कुकाने शालीची धूळ झटकली, घडी घालून ती छातीशी धरली, आणि लेकीच्या खांद्यावर हात टेकून उजवा पाय थोडा हलका केला.

"तुझ्या बापापुढे अंथरायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "ते अंथरून आले. दे ती मेणबत्ती इकडे."